धूर दिसला म्हणून

शिरूर कासारला एसटीतून उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पुढची जीप काही भरेना. भरणार कुठून? निम्मा तालुका तोडीला (ऊसतोडणीला) सहकारी साखर कारखान्यांकडे गेलेला. शेवटी ड्रायव्हर कंटाळून निघाला. प्रवासी दोनच: मी आणि पेंडीचं पोतं.

मी गोव्यात समुद्रातल्या जीवाणूंचा अभ्यास करते. आत्याला तिकडे घेऊन जायचं, हे ठरवूनच आले होते. दुष्काळाचं साल, मुलगा-सून कारखान्यावर, म्हातारी एकटी, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. खरं तर फ्लॅटमध्ये एकटीला मलाच करमत नव्हतं.

वस्तीवर दारोदार कुलपं. आत्याचं दार तेवढं उघडं, पण ती घरात नव्हती. चूल थंडगार, राखसुद्धा नाही. ही खाते तरी काय? ती येईपर्यंत चहा करून ठेवावा म्हणून काटक्या गोळा केल्या आणि चूल पेटवली.

धूर वर गेला तसे एक म्हातारे गृहस्थ लगबगीनं अंगणात आले. मागून धापा टाकत आत्या.

"आली का पोरं?" म्हाताऱ्यांनी विचारलं. मला पाहून ते मटकन ओट्यावर बसले.

"आगं, कावून पेटवलीस?" आत्या म्हणाली. "पोरं गेली की आमी एकच चूल पेटवतो, सखूबाईची. तिला दिसत न्हाई, भाकरी मी थापते. हे तात्या समद्यांची शेरडं (शेळ्या) राखतेत. दुसरीकडं धूर दिसला की वाटतं, तोडीवरनं कुणी परत आलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी आत्याला गोव्याला चल म्हटलं. आत्यानं हसून चुलीतल्या काटक्या बाहेर ओढल्या.

संध्याकाळी सखूबाईच्या अंगणात बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं जेवलो. "तू काय काम करतीस, बाई?" तात्यांनी विचारलं.

मी सांगू लागले. भर समुद्रात पाणी निळंशार, पण खायला जवळजवळ काहीच नसतं. तिथले जीवाणू अंगानं अगदी बारके. कितीतरी कामं त्यांनी सोडूनच दिलेली. शेजाऱ्यांकडून पाण्यात जे झिरपतं, त्यावर भागवतात.

"एकेकटे काढून बाटलीत ठेवले, तर पुष्कळदा वाढतच नाहीत," मी बोलून गेले.

आत्यानं भाकरी मोडता मोडता वर पाहिलं. "मंग मला कशाला नेतीस?"

सकाळी तिनं फडक्यात भाकऱ्या बांधून दिल्या. जीपमधून वळून पाहिलं, तर साऱ्या वस्तीवर एकाच घरातून धूर निघत होता. मला तिचा राग आला, हेवाही वाटला.

घरी पोचल्यावर चहासाठी गॅस पेटवला. गॅसला धूर नसतो. असता तरी धावत येणारं कोणी नव्हतं.