पोपटराव मिस्त्रींचे उसने कान

पोपटराव मिस्त्रींना ऐकू येत नाही हे न्हावऱ्याच्या चौकात सगळ्यांना ठाऊक होतं. ते सगळ्यांना ठाऊक आहे, एवढंच फक्त पोपटरावांना ठाऊक नव्हतं. चहावाला शंभू विचारायचा, "मिस्त्री, साखर कमी टाकू का?" आणि मिस्त्री ऐटीत सांगायचे, "न्हाई, ती कालच नेली. क्लच प्लेट बदलून दिली." शंभू गंभीर चेहऱ्यानं साखर टाकायचा आणि मिस्त्रींची पाठ वळली की बाकड्यावरच्या मंडळींना डोळा मारायचा. एका लग्नात तर मिस्त्री बँडवाल्यांपुढं जाऊन म्हणाले, "जरा बारीक वाजवा रं, कान फुटायची पाळी आली." बँडवाले तेव्हा पेप्सीच्या बाटल्या घेऊन सावलीला बसले होते.

चौक हसायचा, पण पाठीमागं. तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती, कारण कान हाच त्या माणसाचा धंदा होता.

पोपटराव शिकले दौंडला, रेल्वे कॉलनीच्या मागच्या एका पत्र्याच्या गॅरेजात. एकीकडं शंटिंगची धडधड, वरून भोंगे, आणि त्या गदारोळात उस्ताद विचारायचा, "कुठला टॅपेट बोलतोय?" पोपटनं लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतला कुठला तुकडा वाजतोय ते सांगायचं. चुकलं तर नडगीवर पाना बसायचा. वर्षभरात पाना बसायचा थांबला. तेविसाव्या वर्षी ते न्हावऱ्यात आले, रस्त्याकडेला शटर टाकलं, आणि दुधाचे टेम्पो, उसाचे ट्रॅक्टर, सरपंचांची जीप, सगळ्यांची नाडी कानानं बघू लागले. गाडी वळणावर असतानाच म्हणायचे, "दोन नंबरचा प्लग गेलाय." गाडी येऊन थांबायची, दोन नंबरचा प्लग गेलेला असायचा.

मग सहा वर्षांपूर्वी बारीक आवाज गेले. आधी चिमण्या, मग कुकरची शिट्टी, मग मोबाईल. जाड आवाज राहिले, ट्रक, हलगी, बुलेट. पण इंजिनाचं दुखणं नेमकं बारीक आवाजात बोलतं. हादरे तरी कळावेत म्हणून मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाऐवजी दातात धरू लागले. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "नवी पद्धत हाय."

त्यांची बायको धुरपदाबाई गॅरेजच्या दारात कांदे नाहीतर लसूण निवडत बसायची. एक दिवस एका टेम्पोवर वाकलेल्या मिस्त्रींनी, शाळेतले गुरुजी पोराला विचारतात तसं विचारलं, "सांग बरं, काय म्हणती गाडी?"

धुरपदाबाईनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. मग एकेक शब्द ओठांनी सुटा करत म्हणाली, "कढईत मोहरी तडतडल्यावानी करती."

"बराबर," मिस्त्री म्हणाले आणि टॅपेट उघडायला घेतले.

त्या दिवशी काय ठरलं ते दोघंही कधी बोलले नाहीत. पण तेव्हापासून कान धुरपदाबाईचे आणि हात मिस्त्रींचे. ताकात रवी फिरल्यागत, जात्यात खडा आल्यागत, ओल्या चपलेनं चालल्यागत. बाईनं स्वयंपाकघरातलं काहीबाही सांगावं आणि मिस्त्रींनी त्यातून बरोबर नट ओळखावा. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला वाटायचं, मिस्त्री बायकोची गंमत करतायत.

असं सहा वर्षं सुखानं चाललं. मग शिक्रापूरच्या भारतनं ती काळी गाडी आणली.

हा भारत तिथल्या कंपन्यांमधल्या कामगारांना खोल्या भाड्यानं देतो. गाडी त्याच्या वडलांची, आप्पांची. आप्पा दौंडला रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर कुणा साहेबाची जुनी विलायती गाडी त्यांनी हौसेनं घेतली होती. आप्पा गेले आणि गाडी आठ वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिली. आता भारतच्या आईनं, विठाबाईनं, एकच गोष्ट मागितली होती. आप्पांच्या गाडीत बसून एकदा दौंडच्या कॉलनीतलं जुनं घर बघून यायचं.

"मामा, पुण्यात दोन गॅरेजवाल्यांनी हात जोडले," भारत म्हणाला. "म्हटलं, आता तुम्हीच."

पोपटरावांना त्यातलं 'तुम्हीच' तेवढं कळलं. तेवढं पुरलं.

पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांचा मेळ राखणारी टायमिंग चेन सैल झाली होती आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर झिजून गेला होता. शंभूनं यावर आठवडाभर विनोद केले: "मिस्त्रींना कशाचं टेन्शन? टेन्शनरचं!" भारतनं कुठून कुठून शोधून नवा टेन्शनर मागवला. ही वस्तू असते अंगठ्याएवढी. आत स्प्रिंग, पुढं रबरी गादी. इंजिनातलं ऑइल एका बारीक भोकातून तिच्या पाठीत शिरतं, तिला पुढं रेटतं आणि गादीतून पाझरून चेनला ओलं ठेवतं. ते भोक बुजलं की चेन कोरडी.

टेन्शनर आणि इंजिन यांच्यामध्ये बसतं कागदाचं पॅकिंग. पाकिटात एक आलं होतं. मिस्त्रींनी ते बोटांत चुरगळून फेकलं. पस्तीस वर्षं ते पॅकिंग स्वतः कापत आलेले, आणि तेही लग्नपत्रिकेचं. पत्रिकेचा कागद ऑइलात फुगत नाही, असं त्यांचं मत होतं. गावातल्या जुन्या पत्रिका त्यांच्याकडं गठ्ठ्यानं असायच्या. त्यांनी जुना टेन्शनर पत्रिकेवर ठेवला, कडेकडेनं ठोकून आकार उठवला, भोकं पाडली. नव्या टेन्शनरचं ऑइलचं भोक करंगळीच्या नखाएवढं बाजूला सरकवलेलं होतं. ते त्यांनी पाहिलं नाही, आणि त्या भोकावर पत्रिकेचा न कापलेला कागद आला. चेनला हातानं भरपूर ऑइल चोपडलं आणि इंजिनाचं झाकण बसवलं.

गाडी सुरू झाली. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की धुरपदाबाई लसूण सोलायची थांबली.

"काय म्हणती?"

"डब्यात हरभरं हलविल्यागत," ती म्हणाली.

मिस्त्रींनी टॅपेट लावले. पुन्हा सुरू केली. पुन्हा हरभरे. मग त्यांनी पुढचं सगळं खोललं. चेन ओली, टेन्शनर जागेवर, स्प्रिंग ताठ. ओलं होतं ते त्यांनीच चोपडलेलं ऑइल, पण दिसायला सगळं चोख. त्यांनी पुसलं, पुन्हा ऑइल लावलं, पुन्हा बसवलं. दोन दिवस गेले.

"आता?"

"हायच अजून."

"कुठनं? पुढनं का मागनं? नीट सांग की!" ते ओरडले. आजवर कधी ओरडले नव्हते. मग ऑइलच्या डब्यावर बसले आणि स्वतःचे पंजे उलटसुलट करून बघू लागले. "हात गेलं माझं, धुरपे," ते म्हणाले. "कान असून काय उपेग, हातच गेलं."

कान असून! धुरपदाबाईनं तोंड फिरवलं.

तिसऱ्यांदा खोलताना त्यांच्या हातातून पाना दोनदा पडला. तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी विचारलंही नाही, नुसतं तिच्याकडं बघितलं. इंजिनात हरभरे खडखडत होते. समोर शंभूच्या बाकड्यावर ऐकू येत होते.

"गप झाली," धुरपदाबाई म्हणाली. "साय धरल्यागत."

भारत गाडी घेऊन गेला. जाताना त्यानं विचारलं, "मामा, थोडा आवाज आहे का?" मिस्त्री हसून म्हणाले, "दौंडला माझा उस्ताद असता तर त्यालाबी दावली असती."

दुसऱ्या दिवशी विठाबाई नवं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसल्या. पारगावचा भीमेवरचा पूल ओलांडला, आणि चौफुल्याच्या अलीकडं इंजिनात काहीतरी कडाडलं. चेन तुटली होती. गाडी ट्रॅक्टरला बांधून न्हावऱ्यात आली. विठाबाई आतच बसून होत्या. त्यांना कुणी उतरा म्हणालं नाही.

मिस्त्रींनी इंजिनाचं वरचं डोकं, हेड, उघडलं. व्हॉल्व्ह वाकलेले, पिस्टन फुटलेले, हेडला तडा. या गाडीचं हेड आता कुठं मिळत नाही. तुटलेली चेन उन्हातल्या हाडासारखी कोरडी. त्यांनी टेन्शनर सोडवला, पॅकिंग सोलून काढलं आणि उजेडाला धरलं. एका अंगाला ऑइलचा गोल काळा डाग होता. ऑइल दारापर्यंत येऊन थांबलं होतं. दुसऱ्या अंगाला कोरड्या कागदावर छापलेलं 'अगत्य येणेचे करावे' स्वच्छ वाचता येत होतं.

"मामा," भारतचा आवाज फुटला, "तुमच्यासारख्या माणसाला आवाज नाही आला?"

मिस्त्री त्याच्या ओठांकडं बघत होते. मग सरळ उभे राहिले. "मला ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "सहा वर्सं झाली."

आता कुणीतरी दचकेल, निदान 'काय सांगता!' म्हणेल, म्हणून त्यांनी जमलेल्यांकडं पाहिलं. कुणीच दचकलं नाही. शंभूनं मान खाली घातली. पानवाला पायानं माती उकरू लागला. एकेका चेहऱ्यावरून मिस्त्रींची नजर सरकत गेली, आणि त्यांना सगळं कळलं. साखर, बँड, पाठीमागचं हसू, सगळं. मग नजर धुरपदाबाईवर येऊन थांबली.

"तुला आल्तं ऐकू?"

तिनं मान हलवली. होय.

ते तिच्याकडं पाठ करून वळले. विठाबाईंच्या खिडकीशी गेले, हात जोडून उभे राहिले, आणि म्हातारीनं काचेआडून काय म्हटलं ते त्यांना कळलं नाही.

त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, त्यानंतरही धुरपदाबाईनं सांगायचा प्रयत्न केला. पण माफी मान खाली घालून, हळू आवाजात मागतात, आणि तसं बोललेलं त्यांना पोचत नव्हतं. शेवटी एका सकाळी ती दारातच ओरडली, "दोन येळा खरं सांगितलं तवा तुमी रडायला आलता! मला तिसऱ्यांदा बघवंना!" सगळ्या चौकानं ऐकलं. मिस्त्रींनीही ऐकलं असावं. ते म्हणाले, "ते इंजिन आप्पाचं हुतं, धुरपे." तेवढंच.

शटर रोज उघडतं. मिस्त्री खुर्चीत बसतात. गिऱ्हाईक आलं की म्हणतात, "शिरूरला न्या." परवा एकजण बुलेट घेऊन आला आणि हटूनच बसला, "मामा, एकदा बघा तरी." गाडी चालूच होती. धुरपदाबाईनं निवडायचं सूप खाली ठेवलं. तिला ऐकू आलं होतं, कळलंही होतं. तिनं सांगायला तोंड उघडलं.

पोपटरावांनी हात वर केला. "नको," ते म्हणाले. "नको सांगू."

बुलेट निघाली. पार शाळेच्या वळणापलीकडं जाईस्तोवर तिच्यातलं दुखणं धुरपदाबाईला ऐकू येत राहिलं.