अक्काचा गुडघा

इस्पितळात त्याला सगळे साचेवाला म्हणत. खरं तर साचा त्यानं कित्येक वर्षांत केला नव्हता. पूर्वी एका दातांच्या डॉक्टरकडे तो कवळ्यांसाठी प्लास्टरचे साचे बनवायचा; तिथून इथे आला आणि नावही शेपटासारखं मागोमाग आलं. इथलं काम निराळं होतं. कोणी गुडघ्यात किंवा घोट्यात, म्हणजे ऐन सांध्यातच, हाड मोडून घेऊन आला की त्याचा सीटी स्कॅन काढतात. हाडाचे पातळ काप करून ओळीनं मांडावेत तशी चित्रं ते यंत्र देतं. साचेवाला ती चित्रं संगणकावर एकावर एक रचायचा, मोडका तुकडा न् तुकडा शेजारच्यापासून सोडवून त्याला वेगळा रंग द्यायचा आणि मग थ्री-डी प्रिंटरवर त्या हाडाची प्लास्टिकची प्रत काढायचा, मापाला माप. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर ती प्रत हातात घेऊन बसत. चीर कुठून द्यायची, प्लेट कशी वाकवायची, स्क्रू किती लांबीचे घ्यायचे, हे सगळं तेव्हाच ठरायचं. माणसाला भूल दिल्यावर चाचपडत बसायला नको.

हाड कोणाचं, याच्याशी त्याला सोयरसुतक नसायचं. फाइलवर नुसता नंबर असे. वॉर्डात तो पाऊल टाकत नसे, कारण रक्त दिसलं की त्याला घेरी यायची. हाडांचा कारखाना चालवणारा माणूस रक्ताला भितो, यावरून त्याची थट्टा व्हायची आणि तोही ती हसून घ्यायचा.

त्याला रक्ताचं असं एकच माणूस होतं, थोरली बहीण, अक्का. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा हा नाक पुसायच्या वयाचा होता आणि अक्का स्वतःच अजून पोर होती. तिनं हाडाची काडं करून त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. स्वतःच्या लग्नाचं कोणी काढलं तर म्हणायची, एक पोर पदरात आहे तेवढं पुरे, आता आणखी एक मोठं पोर कुठे सांभाळू. ती ड्रायव्हर होती, हाडाची ड्रायव्हर. आधी दुसऱ्यांचे टेम्पो चालवले, मग जुनी व्हॅन घेऊन शाळेच्या मुलांची ने-आण सुरू केली. अंगानं बुटकी, आवाज मात्र हॉर्नपेक्षा मोठा, आणि जिभेला हाड नाही. मुलं तिला टरकून असत आणि तिच्याच शेजारच्या सीटसाठी भांडत.

एका दुपारी शाळेच्या फाटकाबाहेर व्हॅनचं बाजूचं सरकतं दार नीट लागलं नाही म्हणून ती खाली उतरली. पुढे कडेला उभी असलेली एक मोटार त्याच वेळी व्हॅनला लागून मागे येत होती. चालवणाऱ्यानं आरशात पाहिलं होतं, पण बुटकी अक्का त्या आरशात आलीच नाही. बंपर बाहेरच्या अंगानं नेमका डाव्या गुडघ्यावर बसला. दाराला धरून ती उभी राहिली, कोणी खाली उतरायचं नाही म्हणून मुलांना दम दिला, आणि मग पाय टेकवायला गेली ती मटकन खाली बसली.

एक्स-रेत फार काही दिसलं नाही. नडगीच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या बाजूला, एक चीर तेवढी होती. साचेवाल्याचा जीव भांड्यात पडला. पण हाडांच्या डॉक्टरबाईंनी तो एक्स-रे बराच वेळ उजेडासमोर धरला.

"हा समोरून काढलेला फोटो आहे," त्या म्हणाल्या. "समोरून माणूस हसताना दिसतो म्हणून त्याच्या पाठीत काही झालं नसेल असं नाही. स्कॅन करू. दोन्ही गुडघ्यांचा करू."

स्कॅनची फाइल आली तेव्हा बरोबर काम करणाऱ्या सहकाऱ्यानं ती आपल्याकडे मागितली. घरच्या माणसाचं काम आपण करू नये, असं त्याचं म्हणणं, आणि ते चुकीचं नव्हतं. साचेवाल्यानं दिली नाही. लहानपणी आपला ताप अक्कानं दुसऱ्या कोणाला बघू दिला होता का, एवढंच तो म्हणाला.

पडद्यावर अक्काचा गुडघा हळूहळू उभा राहिला. मांडीचं हाड ज्यावर टेकतं तो नडगीचा सपाट माथा बाहेरच्या बाजूला खचला होता, ओल्या मातीत टाच रुतावी तसा. आणि डॉक्टरबाईंना शंका होती ते खरं निघालं. मागच्या बाजूचा एक मोठा तुकडा सुटून खाली घसरला होता. समोरून तो दिसणं शक्यच नव्हतं. याहून वाईट मोडलेली हाडं त्यानं पाहिली होती. त्याला लागलं ते दुसरंच. अक्काचं हाड आतून विरलं होतं, धुऊन धुऊन जाळी झालेल्या चादरीसारखं. या वयाच्या बायकांचं असं होतंच, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. पण त्याला आठवला तो घरातला एकुलता एक दुधाचा पेला. दुधानं माझं पोट बिघडतं म्हणून अक्का तो रोज त्याच्यापुढे सरकवायची. तो हात धुवायला म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

पायाची सूज उतरल्याशिवाय ऑपरेशन करता येत नव्हतं. तेवढ्या वेळात त्यानं दोन प्रती काढल्या, एक मोडक्या गुडघ्याची आणि एक उजव्या, धडक्या गुडघ्याची, आरशात दिसावी तशी उलटी फिरवून. म्हणजे डावा मोडण्याआधी कसा होता ते समोर राहतं. डॉक्टरबाईंनी दोन्ही शेजारी ठेवल्या आणि त्याला बोलावून दाखवलं. पुढून एक चीर देऊन भागणार नव्हतं. मागूनही जावं लागणार होतं. खचलेला भाग वर उचलायचा, खालची पोकळी कमरेच्या हाडातून काढलेल्या चुऱ्यानं भरायची, बाहेरून एक प्लेट लावायची आणि मागच्या तुकड्याला टेकू म्हणून दुसरी. दोन्ही प्लेटा त्यांनी त्याच्यासमोर त्या प्लास्टिकच्या हाडावर धरून वाकवल्या. त्यानं नुसतं हाड घट्ट धरून ठेवलं.

अक्काला हे कळल्यावर ती हटून बसली. माझा गुडघा सगळ्या गावानं पाहिला, मीच तेवढा पाहायचा नाही होय? शेवटी तो पहिल्यांदाच वॉर्डाच्या पायऱ्या चढला, नजर जमिनीवर ठेवून. पिशवीतून त्यानं प्रत काढून दिली. तिनं ती वाटीसारखी तळहातात धरली.

"एवढासाच?" ती म्हणाली. "मला वाटायचं माझा गुडघा म्हणजे कसा जात्याएवढा असेल."

त्यानं खड्डा दाखवला, मागचा तुकडा दाखवला, कमरेतून हाड काढणार तेही सांगितलं.

"म्हणजे घरातलंच काढायचं आणि घरातच लावायचं. चांगलं आहे, कोणाचे उपकार नकोत." मग तिनं चादरीवरूनच डाव्या पायावर हात ठेवला. "बारक्या, खरं सांग. क्लच दाबता येईल?"

चालता येईल, एवढं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. गाडीचं आत्ताच काही बोलायला त्या तयार नव्हत्या.

"येईल," तो म्हणाला.

अक्कानं त्याच्याकडे पाहिलं आणि प्रत परत दिली. "तुला खोटं बोलायला मी कधी शिकवलं नाही, म्हणून ते तुला जमत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज मऊ होता.

ऑपरेशन ठरल्यासारखं झालं. नंतरचा एक्स-रे डॉक्टरबाईंनी त्याला मुद्दाम दाखवला. खचलेला माथा पुन्हा सपाट झाला होता, मागचा तुकडा जागेवर होता, स्क्रू जिथे संपायला हवे तिथेच संपत होते. इतकं मनासारखं काम फार क्वचित होतं, असं त्या म्हणाल्या. तो घरी जाऊन बायकोपुढे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

अक्का त्याच्याच घरी आली. पायावर भार द्यायला बंदी होती. वॉकर घेऊन एका पायावर लंगडी घालावी तशी ती मोरीपर्यंत जायची आणि तेवढ्यानं दमायची. रक्त पातळ राहावं म्हणून गोळ्या होत्या, त्या साचेवाल्याची बायको वेळ चुकू न देता द्यायची. नणंद-भावजय दिवसभर एकमेकींची उणीदुणी काढत आणि संध्याकाळी एकाच पांघरुणात पाय घालून बसत. तपासणीच्या वेळी हाड जुळायला लागल्याचं दिसलं. आणखी थोडी कळ काढा, मग पाय टेकवू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्यानंतर लवकरच, एका सकाळी भावजय तिचे केस विंचरत होती. अक्का म्हणाली, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतंय. मग म्हणाली, खिडकी उघड. खिडकी उघडीच होती. साचेवाल्यानं तिला उचललं तेव्हा ती त्याला फार हलकी लागली. इस्पितळाच्या दारापर्यंत तिचा श्वास चालू होता, आत नेईपर्यंत थांबला.

पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असणार आणि ती वर चढून फुप्फुसात अडकली असणार, असं त्याला सांगण्यात आलं. गोळ्या चालू असतानाही कधी कधी असं होतं. कोणाचं काही चुकलं नव्हतं. त्यानं मान हलवली. चुकलं असतं तर निदान कोणावर तरी रागावता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई घरी आल्या. पुढ्यातला चहा त्यांनी तसाच बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "हाड छान जुळत आलं होतं."

दुसरं काय बोलावं ते त्यांना सुचलं नाही, हे त्याला कळलं. "हो," तो म्हणाला. "मी पाहिलं होतं."

बायकोनं दोन्ही प्रती एका कापडात बांधून कपाटात वर ठेवल्या. त्यानं त्या कधी मागितल्या नाहीत आणि टाकून दे असंही म्हटलं नाही.

अक्का पडल्यापासून व्हॅन चालवायला एक उंच, शेलाटा ड्रायव्हर ठेवला होता. सगळं आटोपल्यावर तो एकदा दारात येऊन उभा राहिला. व्हॅन विकत घ्यायची त्याची तयारी होती, ते बोलून झालं. तरी तो जाईना.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "आता सीट मागे घेतली तर चालेल का?"

साचेवाल्याला कळेना. तेव्हा त्यानं संकोचत सांगितलं. अक्कानं चावी देताना बजावलं होतं, सीटला हात लावायचा नाही, ती माझ्या मापाची आहे आणि मी परत येणार आहे. म्हणून इतके दिवस तो गुडघे स्टिअरिंगला घासत, बेडकासारखा बसून गाडी चालवत होता.

साचेवाल्याला हसू आलं, आणि हसता हसताच तो दाराच्या चौकटीला टेकला. अक्का गेल्यापासून तो रडला नव्हता. तो परका माणूस त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, आणि बायको आतून धावत आली.

"घ्या मागे," शेवटी तो म्हणाला. "तुमचे पाय दुखत असतील."

काही दिवसांनी तो कामावर गेला. नंबर येत राहिले, तो तुकडे सोडवत राहिला, आणि हातही पूर्वीसारखाच चालला. फक्त आता साचेवाल्याची थट्टा कोणी करत नाही. व्हॅन अजून त्याच रस्त्यानं जाते. सकाळी कामावर निघताना ती समोरून आली तर तो कडेला थांबतो आणि तिला जाऊ देतो. आतली मुलं आता बरीचशी नवी आहेत.