मोजून ढिले केलेले स्पोक

धुकं इतकं दाट की समोरच्या फुटपाथवरचं झाड अर्धंच दिसत होतं, आणि शटरला हात लावावा तर बोटं बधिर. ताईने शटर वर ढकललं, दुरुस्तीच्या सायकली बाहेर ओळीत लावल्या, घमेल्यात पाणी ओतलं आणि मग बापाला हाताला धरून त्याच्या स्टुलावर बसवलं.

अख्खा बाजार त्याला मिस्त्री म्हणायचा. चाळीस वर्षं त्याने याच दुकानात सायकली दुरुस्त केल्या, पोरीलाही धंद्यात तयार केलं. तेही शिव्या घालत, कौतुकाचा एक शब्द खर्ची न घालता. आता तीन वर्षं झाली, त्याच्या डोक्यातून एकेक गोष्ट काढता पाय घेत होती. जेवलो की नाही, बायको आहे की गेली, सगळा घोळ. पोरीला तर तो दुकानाची मालकीण समजायचा आणि अहो-जाहो करायचा. पहिल्यांदा ती मोरीत जाऊन रडली होती. मग तिने ठरवलं, जन्मभर कारटे म्हणून घेतलं, आता अहो मिळतंय तर पदरात पाडून घेऊ.

हात मात्र शाबूत होते. चाकाचा आउट काढायला, म्हणजे डुलणारं चाक स्पोक आवळून सरळ करायला बसला, की दोन-दोन तास शांत. घरी ठेवलं की दार बडवायचा. थोरल्या भावाचं म्हणणं, बडवू दे, बाहेरून कुलूप घालू. गिऱ्हाइकाच्या गाडीत कमीजास्त झालं आणि कुणी पडलं तर निस्तरणार कोण? त्यात खोटं काही नव्हतं. ताईने महिनाभराची मुदत मागून घेतली आणि गिऱ्हाइकाचं चाक बापाच्या हाती देणार नाही, असा शब्द दिला.

म्हणून भंगारातली दोन चाकं आणली. दुपारी बाप डुलकी काढायचा तेवढ्यात, त्याने सरळ केलेल्या चाकाचे स्पोक ती गुपचूप ढिले करायची. दुसऱ्या दिवशी तेच चाक, नवं काम म्हणून पुढ्यात. पंधरा दिवस बिनबोभाट गेले.

त्या सकाळी मिस्त्रीने चाकाला गती दिली, थांबवलं, एकेका स्पोकवर अंगठा दाबून पाहिला आणि स्पोक आवळायची चावी खाली ठेवली.

"मालकीण, जरा इकडे या."

ती हातातलं टायर टाकून आली.

"हे चाक खड्ड्यात गेलेलं नाही. खड्डा एका जागी मारतो. इथे वाल्वपासून धरून दर चौथा स्पोक अर्धा फेरा ढिला आहे, सगळीकडे सारखा. हे कुणीतरी बसून केलंय."

वाल्वपासून मोजायचं हे त्यानेच ताईच्या हाडात भिनवलेलं. ढिलं करतानाही हात त्याच वाटेने गेला होता, आणि तिला पत्ताही नव्हता.

"ज्याने केलंय त्याला काम येतं," मिस्त्री म्हणाला. "हात चांगला आहे. आमच्या पोरीसारखा." मग मफलर गुंडाळत उठला. "पण काम नसेल तर नाही म्हणा, मी घरी जातो. मला खेळायला चाकं देऊ नका."

घरी म्हणजे कुलपात, हे त्याला कुठे ठाऊक होतं. थाप मारली असती तर तासाभरात तो सगळं विसरलाही असता. पण ताईची जीभ रेटेना.

"मीच ढिले केले, मिस्त्री. चुकलं माझं."

"होतं," तो म्हणाला, पण बसला नाही.

तेवढ्यात पोस्टमन सायकल ढकलत आला. मागचं चाक फ्रेमच्या चिमट्याला घासत होतं. ताईने त्याला बाजूला घेऊन आडपडदा न ठेवता विचारलं, मिस्त्रींना देऊ का, नंतर मी तपासून देईन. पोस्टमन म्हणाला, त्यांनी माझ्या बापाची सायकल चालती ठेवली, माझं काय घेऊन बसलात. फक्त बारापर्यंत द्या, नाहीतर साहेब माझाच आउट काढतील. आणि टपालाची पिशवी खांद्याला मारून जवळच्या गल्ल्या पायी उरकायला निघाला.

चाक पुढ्यात आलं तसा मिस्त्री बसला. रिमला पडलेला पोचा त्याच्या अंगठ्याला लगेच सापडला. "हा खड्डा," तो समाधानाने म्हणाला. पावणेबाराला चाक सरळ झालं आणि ते झाल्याचं विसरून तो तेच पुन्हा ढिलं करायला लागला. ताई त्याच क्षणाची वाट बघत होती. "झालं मिस्त्री, द्या इकडे." त्याने मुकाट्याने दिलं. तिने ते चढवलं, ब्रेक तपासले, कोपऱ्यापर्यंत स्वतः चालवून पाहिलं. केसभरही डुलत नव्हतं.

दुपारी भावाला फोन करून तिने शब्द मोडल्याचं स्वतःच सांगितलं, आणि यापुढे प्रत्येक चाक आपण तपासू हेही. कुलपाचं राहू दे, रविवारी येऊन बघतो, एवढंच तो म्हणाला.

आमच्या पोरीसारखा. वीस वर्षं ज्या शब्दासाठी ती तिष्ठत होती, तो चोरी पकडली गेल्यावर पदरात पडला. आजाराचे आभार कुणी मानत नाही. तिने त्या एका दिवसापुरते मानले. मिस्त्री स्टुलावर डुलक्या घेत होता. शाळामास्तरांची सायकल उलटी करून ताई रॉकेलच्या फडक्याने साखळीचा गंज पुसायला लागली.