मुका राक्षस

आधीच सांगून टाकतो, नंतर वाद नको. भूत, चकवा, करणी... असले शब्द ऐकले की माझं डोकं सणकतं. वडील यवतमाळच्या कचेरीत कारकून, घरात रोज पेपर, आणि शेजारणीच्या अंगात आलं की तिला आधी पाणी पाजा म्हणणारी माझी आई. मी अशा घरात वाढलोय. बायको म्हणते, म्हातारपणी तुमचं डोकं फिरलं म्हणून हे लिहायला बसलात. असेल. पण फार वर्षं पोटात ठेवलं, आता ठेववत नाही.

साठ-एकसष्टची गोष्ट. महाराष्ट्र नुकताच झाला होता. माझी पहिली नोकरी म्हणजे पुसद तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरची एकशिक्षकी शाळा. दारव्ह्याच्या रस्त्यावर उतरायचं आणि दोन कोस चालायचं. तांड्याचं नाव सांगत नाही, त्या लोकांची नातवंडं आहेत तिथे. शाळा कसली, कुडाची एक खोली, वर कवेलूंचं छप्पर. दाराला कुलूप, किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात. वय बावीस, चार पुस्तकं जास्त वाचलेली, त्यामुळे शिंगं फुटलेली. आणि राग तर नाकावरच.

धुळवडीला तांड्यात एक खेळ असतो. मधल्या पटांगणात खांब रोवतात, त्याला गूळ-खोबऱ्याची पुरचुंडी बांधतात. पुरुष ती पळवायला धावतात आणि बाया त्यांना पळसाच्या हिरव्या फोकांनी झोडपतात. दीर असो, जावई असो, तांड्याचा मुखिया म्हातारा नाईक असो... कोणाची सुटका नाही. हसत हसत वळ उठतात. पण एक कायदा पक्का. मार खाणारा ‘याडी’ म्हणाला, म्हणजे आई म्हणाला, की फोक खाली. त्यानंतर कोणी हात उचलत नाही.

मला वाटलं, यात आपलं नाटक घुसवावं. डोंगरातून राक्षस येतो, पुरचुंडी ओढायला बघतो, तांड्यातल्या बाया त्याला ठार करतात. वहीभर लिहून काढलं. सुतळीच्या पोत्यांचा अंगरखा शिवला, कागदाच्या लगद्याचा काळा मुखवटा केला, त्याला सुळे लावले. राक्षस करणार होता हिरामण. विशीतला, ताडमाड पोरगा, पण मुंगीलाही वाट देणारा. संध्याकाळी वखर सोडून माझ्याकडे अक्षरं गिरवायला यायचा. भाऊ वारलेला, त्याला लहानाचा मोठा केला त्याच्या भोजाईनं, म्हणजे वहिनीनं, सोमलीबाईनं. गावात फोक चालवावी तर सोमलीबाईनंच, असा तिचा लौकिक होता.

तालमीला ती येऊन बसायची. एकदा मला म्हणाली, “गुर्जी, तुमचा राक्षस बोलत काहून नाही? भूक लागली तं भूक लागली म्हनंन ना तो.”

मी तिला उडवूनच लावलं. म्हटलं, बाई, राक्षस एकदा बोलायला लागला की लोकांना त्याची दया येते, मग मारायला हात उचलत नाही. पोथीतसुद्धा बघ, तो कसा दिसतो ते पानभर सांगतात, त्याला काय दुखतं ते एका ओळीतही नाही. ते तसंच असायला पाहिजे. मग हिरामणला उभं करून बजावलं की काही झालं तरी तोंड उघडायचं नाही, नुसतं गुरगुरायचं. तो ‘हो गुर्जी’ म्हणाला. मी सांगितलेलं तो कधी मोडायचा नाही.

बोलल्याशिवाय मार थांबत नाही आणि मी त्याला बोलायलाच मनाई केली. हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं की नाही? नाही आलं. स्वतःच्या नाटकाच्या कौतुकात होतो.

धुळवडीच्या दिवशी दुपारी चारचा सुमार. ऊन टळटळीत. डफ वाजत होता, बाया लेंगी, म्हणजे होळीची गाणी, गाऊन राहिल्या होत्या. सकाळपासून हिरामण दिसला नव्हता. शेतात गेलता म्हणे. माझा जीव वरखाली. तेवढ्यात शाळेच्या मागून राक्षस आला.

पोती, काळा मुखवटा, सुळे. सगळं बरोबर. पण गुरगुरेना. सरळ चालत खांबापाशी आला आणि हात खाली सोडून उभा राहिला. पुरचुंडीकडे बघितलंसुद्धा नाही. पहिली फोक सोमलीबाईची पडली, मग वीस-पंचवीस बाया तुटून पडल्या. आधी हसणं होतं. मग हसणं कमी झालं. तो ना पळत होता, ना हात आडवा धरत होता, ना ‘याडी’ म्हणत होता, आणि त्याच गोष्टीनं बाया चिडत गेल्या. फोका तुटल्या तशा कोणी चुलीतलं लाकूड आणलं, कोणी मुसळ. पुरुष घुसले. पोती फाटली, आतून रक्त वाहत होतं. तो गुडघ्यावर आला तेव्हा कोणीतरी त्याच्या पाठीवर पाय देऊन उभं राहिलं. माझ्या शाळेत येणारी चिमुकली पोरं दगड मारत होती. मी त्यांना नेम शिकवला नव्हता, पण चुकत नव्हता एकाचाही.

थांबवायला पाहिजे होतं मी. मी काय केलं ते लिहितो. माझं नाटक त्यानं नासवलं होतं, गुरगुरला नव्हता, शिकवलेलं एकही पाऊल टाकलं नव्हतं. मस्तकात आग गेली. बैलबंडीच्या कडेचा उभा दांडा, उभारी, दिसली, ती उपसली आणि दोनदा हाणली. खरं सांगू? बरं वाटलं. आयुष्यात इतकं बरं फार थोड्या वेळा वाटलंय.

मग सोमलीबाई भानावर आली. फोक टाकून ओरडली, “बस करा ना वं बायांनो, मरून जाईन लेकरू!” डफ थांबला. सगळे मागे सरले. खाली माना घालून आपापल्या हाताकडे बघत होते सगळे. त्या शांततेत मी तिसऱ्यांदा उभारी उचलली आणि त्याच्या डाव्या कोपरावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी मारलं ते कोणी पाहिलं नाही.

तो उठला. डावा हात लोंबत होता. कोणाकडे न बघता शाळेमागे चालत गेला. सोमलीबाई त्याच्यामागे धावली, मी तिच्यामागे. मागे कोणी नव्हतं. मोकळं शेत, कापूस काढून झालेल्या पऱ्हाट्या, लपायला झाड नाही. शाळेला कुलूप होतं. तेव्हा मला आठवलं की मुखवटा नि पोती मी सकाळीच आत ठेवून कुलूप लावलंय, आणि किल्ली खिशात आहे. हिरामणला दिलीच नव्हती.

कुलूप उघडलं. अंगरखा खुंटीला, मुखवटा टेबलावर. कोरडं ठणठणीत. पोत्याचा एक धागा तुटलेला नाही. माझ्या हातातल्या उभारीला मात्र ओलं रक्त होतं.

नाईकानं तांड्यातली माणसं मोजली. एक हिरामण सोडला तर सगळे हजर, कोणाला असा मार लागलेला नाही. रात्रभर पुरुष नाल्यानं शोधत फिरले. सोमलीबाई दारात बसून होती, पोरगं जिवंत आहे का एवढंच ज्याला त्याला विचारत होती.

तिसऱ्या दिवशी हिरामण आला. डाव्या हाताला प्लास्टर, पाठ पट्ट्यांनी गुंडाळलेली, एक डोळा बंद. सोबत सासरा. सासऱ्यानं जे सांगितलं ते असं, की हिरामणची बायको बाळंतपणाला पुसदला माहेरी होती, तिला कळा लागल्याचा निरोप धुळवडीच्या सकाळी त्याला शेतातच मिळाला, आणि तो तसाच एका ट्रकवर चढून पुसदला गेला. दुपारभर दवाखान्याच्या व्हरांड्यात सासऱ्याशेजारी बाकावर बसला होता. चार वाजता एकदम वाकला. सदऱ्याखालून वळ फुगून वर येत होते, कापड लाल होत गेलं. कंपाउंडर धावला, लोक जमले, मारणारं कोणीच नाही. शेवटी कोपर आपोआप मोडलं. आणि सासरा सारखं हेच सांगत होता की पोरगं ओरडलं नाही, उजवा हात तोंडावर दाबून धरला होता. आत मुलगी झाली तेव्हा हा जमिनीवर पडलेला होता.

त्या संध्याकाळी हिरामण माझ्याकडे आला. बाकी काही विचारलं नाही त्यानं. एवढंच म्हणाला, “गुर्जी, सगळ्यायनं मारनं बंद केल्यावर एक फटका बसला. थो कोनाचा व्हता?”

माझी नोकरी पहिली. वय बावीस. मनात हे सगळं चमकून गेलं आणि मी म्हणालो, “सोमलीबाईचा.”

आठवड्याभरात बायको-मुलीला घेऊन त्यानं तांड्याच्या दुसऱ्या टोकाला वेगळी झोपडी घातली. भोजाईशी बोलणं तोडलं. तिला कारण कळलं तेव्हा तिनं नाही म्हटलंच नाही. तिला वाटलं, आपल्याला भान नव्हतं, मारलं असेल आपणच. पुढच्या धुळवडीला तिनं फोक हातात घेतली नाही, त्याच्यापुढच्याही नाही.

पोत्यात कोण होतं, कुलपातून ते कसं निघालं, दहा कोसांवर बसलेल्या माणसाची हाडं आमच्या माराने कशी मोडली... मला आजही ठाऊक नाही. डॉक्टरांना विचारलं, एका बुवालाही विचारलं, माझ्यासारख्या माणसानं. कोणाच्याच उत्तरानं माझं समाधान झालं नाही.

मी त्या तांड्यावर आणखी तीन वर्षं होतो. सोमलीबाई रोज दुपारी शाळेत मला चहा आणून द्यायची. एकदा कप ठेवता ठेवता म्हणाली, “गुर्जी, तुम्ही शिकलेले हाव. सांगा ना, आपल्याच लेकराले असं मारनारी बाई मानूस असते का?”

मी चहा प्यालो आणि कप परत दिला.