गिटारच्या पोटात

सुरक्षा तपासणीच्या पट्ट्यावरून माझी पर्स आली, फोन आला, बूट आले. गिटार मात्र येईना. पट्टा थांबला, थोडा मागे सरकला, पुन्हा पुढे आला. पडद्यासमोर बसलेल्या माणसाने मान वाकडी करून बघितलं आणि पलीकडच्या बाईंना बोलावलं. गणवेशातल्या त्या बाईंनीही वाकून बघितलं, मग मोठ्याने विचारलं, "ये गिटार किसका है?"

"मेरा," मी म्हणाले.

"अंदर क्या रखा है?"

"बॅगच्या कप्प्यात तारा आहेत. नव्या." घाबरले की माझ्या हिंदीचं मराठी होऊन जातं.

"बॅग में नहीं. गिटार के अंदर."

मला हसूच आलं. गिटारच्या आत काय असणार? पोकळी असते, म्हणून तर ती वाजते. पण बाई हसत नव्हत्या. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. गिटारचा आकार फिकट नारिंगी दिसत होता, आणि तिच्या पोटात, अगदी खाली, गोल गोल मण्यांचं एक गडद वेटोळं पडलं होतं.

हे काय आहे, ते मला खरोखरच कळलं नव्हतं.

मी विमानाने बंगळुरूला निघाले होते. कल्याणला कॉलेजात असताना आम्ही तिघी मैत्रिणी मिळून गायचो. त्यातली एक आता लग्न करत होती, आणि तिने फोनवर बजावलं होतं, "रिकाम्या हाताने आलीस तर दारातून परत पाठवीन. गिटार घेऊन ये." माझी गिटार माहेरी होती, मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या गावात. लग्नानंतर शहापूरला आले, शाळेतली नोकरी धरली, आणि वाजवणं सुटलं. माहेरच्या माळ्यावर ठेवताना दांड्यावर ताण नको म्हणून तारा ढिल्या करून ठेवल्या होत्या, तेवढीच काय ती तिची काळजी घेतली.

आदल्या संध्याकाळी एसटीने गावी गेले. एकटीच गेले, कारण माझा नवरा माझ्या माहेरी येत नाही. येत नव्हता, असं म्हणायला हवं. दादाने माळ्यावरून गिटार काढून दिली. आईने बॅगवरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाली, "नेतेस तर ने गो तुझं तुणतुणं. घरात उगाच जागा आडवतं." जेवताना तिने मला दोनदा मावशीच्या नावाने हाक मारली. दादा हसला, मीही हसले. सकाळी दादाने मला मोटारसायकलवरून मुरबाडच्या नाक्यावर सोडलं. तिथे नवरा गाडी घेऊन उभा होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. दादाने गिटार रस्त्याकडेच्या कट्ट्यावर ठेवली, नवऱ्याने ती तिथून उचलली. हातातून हातात देणंही दोघांनी टाळलं.

हे असं का झालं होतं, ते सांगायला हवं.

त्याआधीच्या हिवाळ्यात म्हशाच्या जत्रेला आमचं सगळं घर गेलं होतं. आम्ही दोघं शहापूरहून मुद्दाम त्यासाठीच आलो होतो, पण नवऱ्याला आल्या आल्या ताप भरला. तो मागच्या खोलीत गोधडी पांघरून पडून राहिला, बाकी आम्ही सगळे जत्रेला गेलो. दोन दिवसांनी आईने कसल्याशा कार्यक्रमासाठी पेटी उघडली तर तिची बोरमाळ नव्हती. ती माळ तिला तिच्या आईने घातलेली. घर पालथं घातलं. आईने स्वतः भाताच्या कणग्या उपसल्या, चुलीची राख चाळली. शेवटी ओटीवर बसून दादा म्हणाला, "बाहेरचा मानूस तर आलाच नाय. मग घरात व्हतं कोन?"

मागच्या खोलीतून नवऱ्याने ते ऐकलं. तो अंगात ताप असताना उठला, पिशवी भरली आणि सगळ्यांच्या समोरून बाहेर पडला. त्याला कोणी थांबवलं नाही. मी मागोमाग धावत गेले तेव्हा तो एसटीच्या थांब्यावर थरथरत उभा होता. शहापुरात त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, लोक घरदार त्याच्या भरवशावर सोडून जातात. त्यानंतर तो त्या वाटेला गेला नाही.

"खोलिए," तपासणीच्या बाई म्हणाल्या.

मी गिटार टेबलावर ठेवली. तारा गंजल्या होत्या, त्यातल्या तीन पूर्ण काढल्या तेव्हा हात आत गेला. आधी चिंधी लागली. आतल्या लाकडी पट्टीखाली कोणीतरी ती अशी चेपून बसवली होती की गिटार हलवली तरी आवाज येऊ नये. मी ओढली. हिरव्या लुगड्याचा तुकडा, त्याला गाठ. गाठ घट्ट होती, ती बाईंनीच सोडली.

बोरमाळ.

मी तिथेच जमिनीवर बसले. मागची रांग थांबली. "आपकी है?" बाईंनी विचारलं. मी म्हणाले, "माझ्या आईची आहे. चोरी हो गयी थी." चोरी हा शब्द ऐकताच आणखी दोघं जवळ आले. मला बाजूला नेलं. मी काय बोलत होते ते मलाच कळत नव्हतं. दादाच्या लग्नातला आईचा फोटो फोनमध्ये होता, तो कसाबसा शोधून दाखवला. बाईंनी फोटो मोठा करून माळेशी ताडून बघितला, तिकीट बघितलं, ओळखपत्र बघितलं. मग त्यांचा आवाज खाली आला.

"फिर चोर कौन था?"

"कोई नहीं," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

त्यांनी पाणी आणून दिलं. "पहन लो," म्हणाल्या. "हाथ में लेके मत घूमो." मी कुडत्यावर बोरमाळ घातली.

विमानाच्या गेटपाशी जाऊन मी नवऱ्याला फोन लावला. मला विमानतळावर सोडून परत जाताना तो भिवंडीच्या अलीकडे चहाला थांबला होता.

"बोरमाळ सापडली," मी म्हणाले.

"कुठली?"

"आईची. गिटारमध्ये होती. आत, पोटात."

त्याच्या बाजूने ट्रक जात असल्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं, आता तो ओरडेल, दादाला शिव्या घालेल, निदान रडेल. यातलं काहीही केलं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

"तिथं कोन ठेवील?" त्याने विचारलं.

"आईनेच. चिंधी तिच्या लुगड्याची आहे. जत्रेला जाताना लपवली असणार."

"मग त्या बोलल्या का नाय?"

"मला काय माहीत! बोलली असती तर तुझ्यावर..."

"थांब गो. कणग्या त्यांनीच उपसल्या ना? राख पन चाळली. ठाऊक असतं तर कशाला चाळली असती?" तो थोडा थांबला. "आईंना आठवतच नाय. त्यांना कायतरी होतंय. आपल्या कुनाच्या ध्यानात आलं नाय."

दोनदा मावशीच्या नावाने मारलेली हाक आठवली. डाळीत दोनदा पडलेलं मीठ, शेजारणीशी साखरेवरून झालेलं भांडण, उघडा राहिलेला गॅस. सगळं आम्ही वयावर घातलं होतं आणि हसलो होतो.

"मी परत येते," मी म्हणाले.

"तू जा. मैत्रीन वाट बघते. मी जातो गावाला."

"तू? तिथे?"

"मग कोन जानार?" तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

विमानात हवाई सुंदरीने गिटार वरच्या कप्प्यात आडवी बसवून दिली. शेजारच्या बाई बराच वेळ माझ्या गळ्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, ही माळ कुठे घडवली? प्रवासभर मी तो हिरवा तुकडा मुठीत धरून बसले होते.

गावी काय झालं ते नवऱ्याने नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्याने. दादा अंगणात लाकडं फोडत होता. गाडी बघून तो कुऱ्हाड हातात घेऊन तसाच उभा राहिला. नवरा उतरला आणि आधी म्हणाला, "आईंना डॉक्टरकडं न्यायला पायजे." मग म्हणाला, "माळ सापडली." कुठे सापडली ते ऐकल्यावर दादा फोडलेल्या लाकडांवरच बसला.

आवाज ऐकून आई बाहेर आली. जावयाला बघून तिने डोक्यावर पदर घेतला.

"काय जावय, ताप उतरला काय तुमचा?" ती म्हणाली. "पडून ऱ्हायाचं ना. पेज ठेवली हाय, दोन घोट घ्या."

मधला सगळा काळ तिच्यापुरता झालाच नव्हता. दादाने तोंड फिरवलं. नवरा ओटीवर चढला, तिने पाट मांडला त्यावर बसला आणि पेज प्यायला. "उतरला आई," तो म्हणाला. "आता बरा हाय."

लग्नाच्या हॉलवर दादाचा फोन आला. मागे सनई चालू होती, मी कानावर हात दाबून बाहेर आले. "माझी जीब झडाया पायजे व्हती," एवढंच तो बोलू शकला. मी त्याला समजावलं नाही. त्या दिवशी मला ते जमलं नाही. आत जाऊन मी उरलेल्या तीन जुन्या तारा काढल्या, सहाही नव्या लावल्या आणि मैत्रिणीसाठी वाजवलं. वाईट वाजवलं. ती म्हणाली, तुझा चेहरा कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखा दिसतोय. मी तिला सगळं सांगितलं, तेव्हा हळदीच्या हातांनी तिने मला जवळ ओढलं.

कल्याणच्या डॉक्टरांनी आईला तपासलं. विसरण्याचा आजार आहे, सुरुवात बरीच आधी झाली असावी, असं ते म्हणाले. औषधं चालू आहेत. ती आता काही दिवस दादाकडे असते, काही दिवस आमच्याकडे शहापूरला. मध्यंतरी दादाने बोरमाळ नवऱ्यापुढे धरली होती, ही तुमी ठेवा म्हणून. नवऱ्याने हात मागे घेतला. शेवटी ती आईच्या गळ्यातच राहिली. पेटीत ठेवली की ती पुन्हा कुठेतरी लपवणार, हे सगळ्यांना कळून चुकलंय. दादा आणि नवरा आता बोलतात, पण पावसापाण्याचं, दवाखान्याच्या गाडीचं. त्यापुढे गेलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

शाळेतून आले की दुपारी मी कधी कधी वाजवत बसते. आई हातातली निवडायची भाजी बाजूला ठेवते, हनुवटीला हात लावते आणि डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहते.

"अगो, तुला हे कवा आलं वाजवाया?" ती विचारते. "मला कुनी सांगितलं पन नाय!"

"आत्ताच शिकले," मी म्हणते, आणि पुन्हा सुरुवातीपासून वाजवते.