रिकामी पुंगळी

रिकाम्या पिस्तुलाच्या टोकावर झाडलेल्या गोळीची पुंगळी उभी ठेवायची आणि ती न पाडता चाप ओढायचा, ही आमच्या रेंजवरची जुनी रीत. नवं पिस्तूल निवडायला गेले, तेव्हा नेमबाजी शिकवणाऱ्या सरांनी तीच परीक्षा लावली. माझा हात हल्ली थरथरतो, हे त्यांना सांगितलं नव्हतं.

"पोलादी जड, पण थरथर पोटात घालतं," सर म्हणाले. "पॉलिमरचं हलकं, पण काही लपवत नाही."

पोलादी उचललं. खांदा भरून आला, पुंगळी पडली. आपलं सगळं पोटात घालणारी माणसंही अशीच, फार वेळ पेलवत नाहीत. पॉलिमरच्या पिस्तुलावर ती उभीच राहीना.

सरांनी वाकून पुंगळी उचलली. "मग कुठलं घेताय?"

वीस वर्षं नेम चुकला, की मी पिस्तुलाला बोल लावत आले. आज दोन्ही पिस्तुलं निर्दोष निघाली.