बिदरचं मूळ नाव आणि आमची भागीरथी

रविवारी बिदरला भाचीचा साखरपुडा झाला. तेव्हापासून माझं डोकं तापलेलंच आहे... घरात बोलले तर सख्ख्या भावाशी भांडण होईल, म्हणून इथं लिहितेय.

भाची म्हणजे भावाची मुलगी, भागीरथी. माहेर आमचं संतपूर. ती औरादच्या एका शाळेत शिकवते, पोरं तिला 'भागीरथी मिस' म्हणून ओळखतात. मुलाकडचे उदगीरचे. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, त्यामुळे काही बिनसायचं कारणच नव्हतं.

शिरा-उप्पीट झालं, भागीरथी पाटावर येऊन बसली. तिची सासू ओटी भरायला उठली आणि नेमका तेव्हाच कुणाच्या तरी फोनवर मेसेज आला, की बिदरचं नाव बदलायची मागणी चाललीय. झालं!

मुलाचे काका, म्हणजे त्या घरातले कर्ते, एकदम उसळले. "बदलायचं कशाला? मूळ नाव परत द्या म्हणावं! विदुराची नगरी हाय ही, महाभारतातली."

माझा चुलतभाऊ जन्मभर बिदरमध्ये राहिलेला, तो कसला गप्प बसतोय. "कुठला विदुर, अण्णा? कन्नडमधी बिदिरु म्हंजे बांबू. हितं बांबूचं रान होतं, म्हणून बिदर."

मग काय विचारता... एकाने बहमनी काळातलं लांबलचक नाव काढलं. बसवकल्याणचे पाहुणे म्हणाले, आमचे आजोबा मरेपर्यंत गावाला कल्याणीच म्हणायचे. तेवढ्यात कुणीतरी गुलबर्गा आणलं. ते फुलांवरून आलंय, की कलबुर्गी हेच खरं आणि ते दगडावरून आलंय, यावर हॉलचे दोन तट पडले. पुरावा एकाकडेही नव्हता, आवाज मात्र सगळ्यांकडे होता.

आणि ज्या पोरीसाठी सगळे जमले होते ती पाटावर मान खाली घालून बसलेली. सासू मुठीत तांदूळ धरून उभी. त्या दोघींकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

शेवटी काका उभेच राहिले. "मूळ नाव म्हंजे आईबापानं दिलेलं असतंय. त्याला हात लावायचा कुणाला अधिकार न्हाई! इथल्या माणसाला इचारलं का कुणी?" टाळ्या पडल्या. मीसुद्धा मान डोलावली, खोटं कशाला बोलू.

वाद जरा निवला तसे गुरुजी म्हणाले, "लग्नात ताटात कुठलं नाव लिहायचं, ते ठरवून ठेवा." आमच्याकडे लग्न लागून नवरी घरात आली की नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नाव लिहितो. सासरचं, नवं नाव. पुढे तेच चालतं.

काका खाली बसता बसता म्हणाले, "अन्विता. भागीरथी लई जुनाट वाटतंय. आम्ही सगळ्यांनी मिळून काढलंय."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांनी म्हणजे कुणी? तिला तर आत्ता कळत होतं.

आणि आमचा भाऊ... हात जोडून म्हणतो, "आता तुमचीच लेक. तुम्ही म्हणाल तसं." बारशाला हेच नाव पाहिजे म्हणून आख्ख्या भावकीशी भांडलेला माणूस हा! मी तोंड उघडलं तर वहिनीने माझा पदर ओढला.

पण भागीरथीने मान वर केली. "काका, मला कामून न्हाई इचारलं?" आवाज चढलेला नाही, काही नाही. "माझं नाव बी आईबापानंच दिलंय."

काका कसनुसं हसले. "अगं, गावाचं येगळं आन् बाईचं येगळं. रीत हाय ती."

बिदरसाठी रक्त आटवणाऱ्या एकाही इतिहासकाराला त्या वेळी कंठ फुटला नाही. नवरदेवही मूग गिळून बसलेला. मला वाटलं, मोडली सोयरीक.

तेव्हा सासूबाई बोलल्या. "रीत हाय, खरं हाय. त्या रीतीनंच मी विद्या झाले." काका "वहिनी, आता राहू द्या" म्हणाले, पण त्या थांबल्या नाहीत. "माहेरी मी तुळसा. बाप गेल्यापासून त्या नावानं मला कुणी हाक मारली न्हाई."

मग त्यांनी मुलाकडे बघितलं. "तू ताटात भागीरथी लिहायचं. समजलं का?"

तो "व्हय" म्हणाला. हा 'व्हय' आधी आला असता तर मला तो जास्त आवडला असता, पण असो... सासूबाईंनी मूठभर तांदूळ भागीरथीच्या ओटीत घातले आणि साखरपुडा पुढे सरकला. काकांना अचानक महत्त्वाचा फोन आला, ते व्हरांड्यात गेले.

माझा राग अजून गेलेला नाही. बिदर विदुराचं की बांबूचं, ते ठरायचं तेव्हा ठरेल. पण गावाच्या नावासाठी गळा काढणाऱ्या माणसांनी घरातल्या बाईचं नाव पाटीवरचा खडू पुसावा तसं पुसावं, याची मला भयंकर चीड येते. त्या माऊलीचे उपकार मात्र मी विसरणार नाही.

निघताना त्यांच्यापाशी गेले. त्या पाठमोऱ्या उभ्या राहून साड्या आवरत होत्या. "येते हं, तुळसाबाई," म्हटलं, तर वळल्याच नाहीत. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

"आनखी एकदा म्हणा की," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं. व्हरांड्यातल्या काकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं.